गोदासिस्टरचा मुखवटेवाला

गोदासिस्टर टॉकीजमध्ये शिट्टी वाजवायच्या. दोन बोटं जिभेखाली घालून, मान किंचित मागं टाकून, अशी खणखणीत शिट्टी की पुरुषांच्या बाजूची सगळी डोकी वळून बायकांच्या बाजूकडं बघायची. तिथं त्यांना दिसायची पन्नाशीला टेकलेली, पांढऱ्या सुती साडीतली एक थोराड बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ही शिट्टी त्या बाईची असेल असं कुणाला वाटायचं नाही. सगळे तिच्या शेजारी बसलेल्या माझ्याकडं संशयानं बघायचे आणि मी पदर तोंडावर ओढून घ्यायची.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नर्सचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागले होते. परभणीहून झरी आणि झरीच्या पुढं कच्च्या रस्त्यानं आणखी एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथंच नांदताहेत. दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे गोदासिस्टर.

मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नेमणुकीची ऑर्डर मागितली नाही. "पिक्चर बघतीस का?" एवढंच विचारलं.

"कधीतरी."

"कसले?"

"घरगुती."

"म्हंजे रडके. ते हितं रोज फुकट बघायला मिळतेत," त्या म्हणाल्या. "आपण मारामारीचे बघायचे."

त्या मूळच्या राणीसावरगावच्या. आईवडील दर साल ऊसतोडीला जायचे आणि ह्या आजीजवळ राहून शाळा शिकायच्या. लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्यानं घराबाहेर काढलं, मग नर्सिंगला गेल्या. हे सगळं त्यांनी मला एकदाच, सुया उकळता उकळता, दोन वाक्यांत सांगितलं. त्यापेक्षा जास्त वेळ त्या पडद्यावरच्या एखाद्या ठोशाचं वर्णन करायच्या. एखादी गोष्ट पसंत पडली की त्यांचं एकच वाक्य असायचं, "बेकायदा हाय, पण झकास हाय." नायकानं फौजदारासमोर गुंडाला बडवलं तरी तेच आणि अशक्त बाळंतिणीला नेमून दिल्यापेक्षा दोन मुठी जास्त लोहाच्या गोळ्या दिल्या तरी तेच.

पहिल्याच महिन्यात त्या मला परभणीला मुखवटेवाल्याच्या पिक्चरला घेऊन गेल्या. पिक्चर एका चित्रकथेवरून काढलेला होता. ती चित्रकथा सिस्टरनी स्टँडवरच्या दुकानातून भाड्यानं आणून इतक्या वेळा वाचली होती, की कोण कुठून उडी मारणार हे त्या मला आधीच सांगायच्या. नायक दिवसा पोस्टात शिक्के मारणारा, मान खाली घालून चालणारा कारकून. चार गुंडांनी त्याचं घर जाळलेलं. संध्याकाळ झाली की हा डोळ्यांवर काळा मुखवटा बांधायचा, पाठीवर लाल कापड सोडायचा आणि एकेकाला गाठायचा. पहिल्याला उंचावरून, दुसऱ्याला पाण्यात, तिसऱ्याला त्याच्याच मोटारीखाली. तिसरा गेला तेव्हा सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. मी पण. पलीकडच्या बाईनं मांडीवरचं लेकरू माझ्याकडं दिलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटायला लागली. ते लेकरू चौथा गुंड मरेपर्यंत माझ्याकडंच होतं.

परतीच्या बसमध्ये सिस्टरनी त्या पिक्चरची चिरफाड केली.

"ते पोष्टातले लोक आंधळे हायत का गं? डोळ्याभवती चार बोटं कापड बांधलं की माणूस वळखू येईना? आवाज तोच, चाल तीच. आपली कोंडाबाई दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून मला चपलांच्या आवाजावरून वळखती."

मी हसायला लागले. त्यांना चेव आला.

"आन् ती लाल झूल पाठीवर सोडून मोटरसायकलवर बसायलाय. चाकात गेली म्हंजे? गळ्याला फास. मुखवटेवाला खलास, पिक्चर खलास. खांद्यात गोळी घुसली तर चाकू तापवून सवताच काढली. चल, मानलं. पण धनुर्वाताचं इंजेक्शन कुठं हाय? दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर बाईला उचलून गाणं म्हणायलाय."

आख्खी बस हसत होती. कंडक्टर आमच्या सीटला टेकून उभा होता, तिकिटं फाडायचं विसरून. मग सिस्टर खिडकीकडं वळल्या.

"चौथा मेला तवा दारात त्याची पोरगी उभी होती. चार-पाच वर्षांची. दिसली का तुला?"

"दिसली."

"तिला परत दाखवलंच न्हाई. तिचं पुढं काय झालं?"

"पिक्चर आहे हो सिस्टर."

"पिक्चरच हाय, म्हणून तर इचारायलेय." आणि शेंगा सोलत म्हणाल्या, "तरी बी झकास हाय. दोन तास आपल्या वाटचा राग दुसराच कुणीतरी काढतो. आपल्याला हात बी धुवावे लागत न्हाईत."

आमच्या गावात आबासाहेब म्हणून एक बडे शेतकरी होते. त्यांचा पंचविशीतला मुलगा दिगंबर. अंगानं पैलवान, गावातली एकुलती एक मोटरसायकल त्याची. एका बाजाराच्या दिवशी मी घरोघरी भेटी द्यायला निघाले होते. त्यानं माझ्याभोवती मोटरसायकलच्या चार-पाच फेऱ्या मारल्या, माझ्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि भर बाजारात उलटी केली. गोळ्या, कापूस, कुटुंबनियोजनाची पाकिटं, सगळं धुळीत पडलं. त्यानं एक पाकीट उचललं आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. माणसं हसली. मी खाली वाकून एकेक वस्तू गोळा करत होते आणि तो वाचत होता.

सिस्टर तडक आबासाहेबांकडं गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आबासाहेब म्हणाले होते, "पोरगं हाय, मस्करी केली. बाईमाणसानं असल्या वस्तू घिऊन हिंडावं कामून?"

मी आठ दिवस खोलीबाहेर पडले नाही. माझ्या गृहभेटी सिस्टरच करायच्या. आठव्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंडाभोवती बँडेज गुंडाळलेलं, डोळ्यांपुरती दोन भोकं आणि पाठीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचा कापडी फलक सोडलेला.

"मुखवटेवाली," त्या आतून म्हणाल्या. "दिगंबरला धरायचं आन् तोंडाला जांभळं औषध फासायचं. पंधरा दिवस निघत न्हाई."

"मुखवटा काळा असतो, सिस्टर."

"सरकारी हाय. जे कापड मिळालं ते."

मी हसले. इतकी हसले की पोटात कळ आली. त्यांनी पण बँडेज सोडलं आणि कॉटवर बसून माझ्याबरोबर हसल्या. पण दुसऱ्या दिवशी मी पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापाशी गेले आणि तिथूनच परत फिरले.

त्यानंतर महिन्याभरानं दिगंबरला कुत्रं चावलं. सिस्टर लसीकरणाला वाडीवर गेल्या होत्या आणि दवाखान्यात मी एकटी होते. आबासाहेब त्याला घेऊन आले. पोटरीवर चार दात उमटलेले. आबासाहेब म्हणाले, "चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणतेत, बेंबीभवती." मी जखम साबणानं धुतली, पट्टी बांधली. मग मान वर न करता मी म्हणाले, "इंजेक्शनं संपलीत."

फ्रिज माझ्या मागं चार पावलांवर होता. त्यात सहा बाटल्या होत्या.

मला वाटलं, ते परभणीला जातील. पण दिगंबरच म्हणाला, "जाऊ द्या आबा, जडीबुटीवाल्याकडं जाऊ." आणि ते गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की ते कुत्रं तोंडाला फेस येऊन मेलं. सिस्टरनी फ्रिज उघडला, बाटल्या मोजल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"दिगंबर आल्ता का?"

मी सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. सीरिंजचा डबा स्टोव्हवर चढवला आणि पाण्याला आधण येईपर्यंत माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"पडद्यावर वाट्टेल तेवढे मरू दे, मी शिट्टी वाजवीन," त्या म्हणाल्या. "हितं एक बी मरू द्यायचा न्हाई. ट्रे घे आन् चल."

"मी नाही येत त्या घरी."

"माझ्यामागं चल. तुझं काय बोलायचं काम न्हाई."

खरी फजिती पुढंच झाली. आम्ही वाड्यात शिरताच सहा फुटांचा दिगंबर शिडीवरून माळवदावर चढला आणि त्यानं शिडी वर ओढून घेतली. त्याला सुईची भीती होती. लहानपणापासून. बाजारात माणसांच्या अंगावर मोटरसायकल घालणारा हा माणूस कठड्यावरून फक्त डोकं काढून खाली बघत होता, आणि अंगणात गोदासिस्टर हातात सीरिंज घेऊन उभ्या होत्या. दहा मिनिटांत शेजारपाजारच्या बायका जमल्या. पोरं भिंतीवर बसली. कुणीतरी म्हाताऱ्या कोंडाबाईला हाताला धरून आणलं आणि काय चाललंय ते तिला सांगायला लागलं.

"दिगंबर, खाली ये."

"मला जडीबुटी दिलीय."

"दाखव बरं, पोटरीतून रगत कसं यायलंय. खाली ये."

"मी उडी मारीन बगा."

"मार. पाय मोडंल. मग त्याचं बी इंजेक्शन."

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. आबासाहेब आतल्या खोलीत निघून गेले. तेवढ्यात दिगंबरची आई, सोजरबाई, शेजारच्यांची शिडी खांद्यावर घेऊन आल्या. कधी कुणाशी फारशा न बोलणारी बाई. त्यांनी शिडी माळवदाला लावली आणि ती धरून खाली उभ्या राहिल्या. सिस्टर साडी सावरत वर चढल्या, त्यांच्यामागं ट्रे घेऊन मी. कठड्यापाशी दिगंबर उकिडवा बसला होता. सिस्टर त्याच्यासमोर बसल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "कुत्रं पिसाळलेलं होतं रे. ते जडीबुटीनं जात न्हाई. एकदा का पाणी बघून घाबरायला लागलास की मग माझ्याजवळ इलाज न्हाई." त्यानं डोळे मिटले आणि शर्ट वर केला.

फ्रिजमधल्या सहा बाटल्यांनी सहा दिवस निघणार होते. पुढच्या आठ आणायला सिस्टर सहाव्या दिवशी बर्फाचा थर्मास घेऊन परभणीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "आजचं तू दे." बाकी काही नाही.

दिगंबर आला, स्टुलावर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. सुया उकळून उकळून बोथट झालेल्या. त्यांतली सगळ्यांत बोथट सुई माझ्या समोर होती आणि तिच्या शेजारी सगळ्यांत बरी पण होती. माझा हात बोथट सुईवर गेला. खरंच गेला. मग मी बरी सुई घेतली, स्पिरिट लावलं आणि म्हणाले, "श्वास सोडा."

इंजेक्शन झाल्यावर मला राहवलं नाही. "पहिल्या दिवशी इंजेक्शनं होती," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

"म्हायती हाय," तो शर्ट खाली ओढत म्हणाला. "तुमी फ्रिज उघडलाच न्हाई."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी कामून बोलू? मला तर लय बरं वाटलं."

पाच आठवडे मी त्याचा तिरस्कार केला होता आणि आता मला हसू आवरेना. मी पाठ वळवून कापूस नीट ठेवल्यासारखं केलं.

तिकडं परभणीत त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता आणि गाड्या बंद होत्या. थर्मास मांडीवर घेऊन स्टँडवर बसलेल्या सिस्टरना समोरच्या भिंतीवर पोस्टर दिसलं. मुखवटेवाल्याचा दुसरा भाग. वर्षभर ज्याची वाट बघितली तो. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार होता, गाडीचा पत्ता नव्हता. त्यांनी स्टँडशेजारच्या टॉकीजच्या डोअरकीपरला बजावलं, "झरीची गाडी लागली की मला हाक मार," आणि आत जाऊन बसल्या. मध्यंतर झालं. मोठा गुंड मुखवटेवाल्याला खांबाला बांधून त्याचा मुखवटा ओढायला हात पुढं करत होता, तेवढ्यात डोअरकीपरनं दारातून हाक मारली. सिस्टर उठल्या. "मागं वळून बी बघितलं न्हाई," त्या मला सांगत होत्या, "वळले असते तर बसले असते." बाटल्या फ्रिजमध्ये ठेवतानाही त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिगंबरच्या पोटाला स्पिरिट लावता लावता त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "मुखवटा निघाला का न्हाई कुणास ठाऊक."

"न्हाई निघाला," दिगंबर म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी बघितला. त्याच्या आत दुसरा मुखवटा हाय."

सिस्टरचा हात थांबला. "दुसरा?"

"लाल. बगा, असा हात घालून त्यानं वढला की..." आणि तो सांगायला लागला. सांगता सांगता सुई गेली आणि आली, त्याला कळलंही नाही. पुढचे सात दिवस रोज हेच. तो रोज थोडं सांगायचा, हातवारे करायचा, मारामारीचे आवाज तोंडानं काढायचा. सिस्टर मध्येच त्याला थांबवायच्या. "आगीतून आला तर भाजलं कसं न्हाई? आन् त्या बाईला पुन्हा बांधूनच ठिवलंय का? तिला हात न्हाईत का सोडवून घ्यायला?" रांगेतल्या बायका पुढं सरकून ऐकायच्या. दवाखान्यात अशी गंमत मी कधी बघितली नव्हती.

आणि रोज मला जास्त जास्त राग यायला लागला. तेराव्या दिवशी तो गेल्यावर मी सिस्टरना म्हणाले, "तुमचं बरं जमलंय. पिशवी त्यानं माझी उलटी केली होती, तुमची नाही."

त्यांनी हातातलं काम सोडलं. मग म्हणाल्या, "खरं हाय. मी विसरले." आणि माझ्याकडं वळून, "चुकलं माझं, मालती." माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी बाई मला असं म्हणत होती.

चौदाव्या दिवशी सोजरबाई मुलाबरोबर आल्या होत्या. इंजेक्शन झालं. सिस्टरनी रजिस्टरमध्ये उपचार पूर्ण असं लिहिलं, रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं.

"दिगंबर, इलाज संपला. इंजेक्शनाच्या बदल्यात मी काय मागत न्हाई, ते सरकारी होतं. आता वेगळं बोलते. आज बाजार हाय. मालतीला घरोघर जायचंय. तिची पिशवी तू घे."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही. "मी न्हाई घेणार," तो म्हणाला. "माणसं काय म्हणतील?"

खुंटीला टांगलेली पिशवी सोजरबाईंनी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"उचल," त्या म्हणाल्या.

दिगंबर माझ्यामागून भर बाजारातून चालला. खांद्याला माझी पिशवी, मान खाली. हसणारी माणसं तीच होती, ह्या वेळी त्याला हसत होती. एका घरी मी पाकीट मागितलं तर त्यानं चुकून गोळ्या दिल्या. "ते नाही, दुसरं," मी म्हणाले. त्यानं दुसरं काढलं, कुजबुजत त्यावरचं नाव वाचून खात्री केली आणि माझ्या हातात दिलं. बारा घरं झाली. शेवटच्या घराशी पिशवी परत देताना तो म्हणाला, "लय जड हाय की ही. रोज न्हेता तुमी?" माफी म्हणून त्यानं जे काही म्हटलं ते एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी गावात जायला लागले.

तो नंतर साधू झाला नाही. दोन वर्षांनी ग्रामपंचायतीला उभा राहून पडला, आणि मोटरसायकल तेवढ्याच जोरात चालवायचा. फक्त दवाखान्यासमोर आला की हळू करायचा.

चार वर्षांनी माझी बदली मानवतला झाली. सिस्टर पुढं निवृत्त होऊन राणीसावरगावला भावाकडं गेल्या. अधूनमधून पोस्टकार्ड यायचं. त्यात तब्येतीची एक ओळ, बाकी सगळा पिक्चर. व्हिडिओवर बघून मजा येत नाही, पडदा केवढासा, त्यात गुंड सशाएवढे दिसतात, असं एकदा लिहिलं होतं.

त्या गेल्या तेव्हा मला चौथ्या दिवशी कळलं. त्यांच्या पुतण्याचं पत्र सकाळी आलं, आणि त्या दिवशी माझ्याकडं लसीकरण होतं. रांग दारापासून रस्त्यापर्यंत. मी पत्र घडी करून ठेवलं आणि एकेका लेकराला लस दिली. शेवटचं लेकरू गेल्यावर दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

थोड्या वेळानं दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, खांद्यावर तापानं तापलेलं पोर. माझा चेहरा बघून ती मागं सरकली.

"बाई, काय झालं? उद्या येऊ का?"

"नाही," मी म्हणाले. "आत आणा त्याला."